पिवळ्या झेंड्यांच्या पलीकडे

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी अवोन्डेलच्या बाजारात मेथी निवडत होतो तेव्हा लेकीचा, मित्राचा, फोन आला. "बाबा, सप्टेंबरच्या ट्रिपमध्ये एक जागा रिकामी आहे. येतोस?" (ती इंग्रजीतच बोलते. मी इथे सगळं मराठीत उतरवणार. नाहीतर ही वही नक्की कुणाची, ते मलाच कळायचं नाही.) मी "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

मित्रा म्हणजे आमची संघमित्रा, वय सव्वीस. साउथ आयलंडमध्ये असिस्टंट गाईड आहे. लिफ्ट असलेल्या स्की-फील्डवर नाही. जिथे लिफ्ट नाही, रस्ता नाही, माणूस नाही अशा डोंगरांत ती लोकांना घेऊन जाते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे स्की मागे घसरत नाही. मग पायांनी वर चढायचं, पट्ट्या काढायच्या आणि घसरत खाली यायचं. चार-पाच दिवस एका हटमध्ये, डोंगरातल्या छोट्या खोपटात, राहायचं.

मलाही स्की येतं. ती चौदा वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर पालक म्हणून रुआपेहूच्या डोंगरावर गेलो होतो. तेव्हापासून बारा हिवाळे करतोय. आवड म्हणून नाही. ती वर असताना मला खाली कार पार्कमध्ये बसवत नसे, एवढंच कारण. बायकोला, सुनीतालाही हे कधी सांगितलेलं नाही.

मी पाण्याच्या पाइपलाइनींचा इंजिनिअर. पाणी कुठून निघून कुठे जाईल ते मला कागदावर काढून दाखवता येतं. बर्फ म्हणजे पाणीच, पण ते वर थांबून राहतं आणि कधी निघणार ते सांगत नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, आणि मला बर्फाची भीती वाटते. लिहून टाकलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

बॅग भरतोय. सुनीता अडवेल असं वाटलं होतं. ती नर्स आहे, हाडं मोडलेली माणसं रोज बघते. पण ती म्हणाली, "जा तुम्ही. तिला बरं वाटेल."

मग माझे थर्मल घडी करता करता म्हणाली, "आणि तिला गेल्या वर्षीचं काही विचारत बसू नका."

"गेल्या वर्षीचं काय?"

"खांद्याचं हो."

गेल्या सप्टेंबरात मित्रा खांदा निखळून घरी आली होती. सायकलवरून पडली. तीन आठवडे राहिली, आईजवळ झोपायची आणि दिवा मालवू द्यायची नाही. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं की तिकडच्या रस्त्यांवर लाइटशिवाय सायकल चालवायची नाही, आणि चांगला मागचा लाइट विकतही घेऊन दिला. आता त्यात विचारण्यासारखं काय उरलंय? सुनीताला हे म्हणालो तर ती घडी अर्धवट टाकून दुसऱ्या खोलीत गेली.

दुपारी हिमस्खलनाचे व्हिडिओ बघितले. बघायला नको होते.

बुधवार, ३ सप्टेंबर, ट्वायझल

डोंगरापायथ्याच्या या गावात मुख्य गाईड भेटला, कॉलम. पन्नाशीचा, लाल दाढी, हात फावड्यासारखे. माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. "बरं झालं आलास, मेट. खूप बरं झालं." हे लोक प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच म्हणत असावेत.

माझ्याखेरीज दोघंच आहेत, टिमारूची जिल आणि तिचा नवरा रॉस. जिल साठीची, गुरांची डॉक्टर होती, आता निवृत्त. रॉस फार बोलत नाही, शब्दकोडी सोडवतो.

दुपारी मैदानात सराव झाला. छातीवर एक डबी बांधायची, ती सतत सिग्नल देत राहते. कुणी बर्फाखाली गेलं तर बाकीच्यांनी आपापल्या डब्यांवर तो सिग्नल पकडत जायचं, लांब काठीने टोचून बघायचं आणि खणायचं. कॉलमने एक डबी पिशवीत घालून पुरली होती. मला ती सापडायला नऊ मिनिटं लागली. जिलला चार. "पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर बहुतेक माणसं वाचतात," कॉलम म्हणाला. मी नऊ मिनिटांत खणायची मिनिटं मिळवून बघितली.

मित्राची पाळी आली तेव्हा कॉलम तिला म्हणाला, "तू राहू दे. झेंडे मोजतेस का जरा?"

मला हे आवडलं नाही. जे काम नीट यायलाच हवं, तेच असिस्टंटकडून करून घ्यायचं नाही? ती बाजूला बसून, सुरक्षित हद्द आखायला लागतात ते बांबूचे पिवळे झेंडे मोजत होती. चेहरा पांढरा पडला होता. दोनदा मोजले आणि तिसऱ्यांदा पुन्हा सुरुवात केली. तिला जमत नाही म्हणून कॉलम तिला वाचवतोय की काय?

गुरुवार, ४ सप्टेंबर, टार्न हट

हेलिकॉप्टरने अकरा मिनिटांत आणून टाकलं आणि निघून गेलं. त्याचा आवाज डोंगरामागे गेल्यावर जी शांतता पसरली, तीत मला माझं रक्त वाहताना ऐकू येत होतं.

हट पत्र्याची, नारिंगी, खडकाच्या उंचवट्यावर तारांच्या दोरखंडांनी बांधलेली. आठ बंक, गॅसची शेगडी, बाहेर संडास आणि तिथपर्यंत धरून जायला दोरी. पोचल्या पोचल्या एक किआ, इथला डोंगरी पोपट, आला आणि रॉसच्या बुटाचा पट्टा चोचीने ओढू लागला. सगळे हसले. मी पण हसलो.

सुंदर आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मी बघत होतो तो उतार. हट आणि खालची दरी यांच्या मधोमध एकच रुंद उतार आहे, इस्त्री केलेल्या चादरीसारखा गुळगुळीत. दरीतून रस्त्याला लागायला तीन तास लागतात आणि वाट या उतारावरूनच जाते. बाकी दोन्ही बाजूंना कडे.

संध्याकाळी सुरक्षेच्या सूचना मित्राने दिल्या. कागदावरून वाचल्या. मध्येच तिचा आवाज कापला. कॉलम खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि मी माझ्या मोज्यांकडे. तिला इंजिनिअरिंगला घाल म्हणून सगळे सांगत होते. तिने भूगोल घेतला आणि मी घेऊ दिला.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

बंकवर बसून लिहितोय, अक्षर वाकडं येणार.

सकाळ बरी गेली. हटमागच्या सोप्या टेकडीवर चढलो. मित्राने बर्फात छातीएवढा खड्डा खणला आणि त्याची भिंत आम्हाला दाखवली. वरचा हातभर बर्फ फळीसारखा घट्ट. त्याच्याखाली बोटभर जाडीचा, साखरेसारखा मोकळा थर, एकमेकांना न धरणारा. तिने बर्फाचा एक खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि वरून हाताने हलकेच थापटलं. एक, दोन, तीन. वरची फळी ड्रॉवर उघडावा तशी सरकून पुढे आली.

"मग?" कॉलमने तिला विचारलं.

"खालच्या मोठ्या उतारावर आपण जायचं नाही. आणि नॉर्थवेस्टर, तो वायव्येचा वादळी वारा, येऊन गेला की अजिबातच नाही. वारा सगळा बर्फ उचलून तिथेच नेऊन टाकेल."

"झकास. तू म्हणशील तसं."

वरिष्ठ माणूस कनिष्ठाला विचारून चालतो हे मला विचित्र वाटलं. त्याला स्वतःला काही मत नाही?

दोनच्या सुमारास परत येताना हट ऐंशी मीटरवर असेल. ढग उतरले होते, जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं. वाऱ्याने कडक झालेल्या एका वरंब्यात कॉलमची डावी स्की रुतली. माणूस पुढे गेला, स्की सुटली नाही. हाड मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवरून ऐकू आला.

जिलने पँट कापली. "गुडघ्याखाली. दोन्ही हाडं," ती म्हणाली. "मी गाईंचे पाय पाहिलेत आयुष्यभर, पण हा पण पायच आहे." फोमची चटई आणि काठ्या बांधून पाय सरळ केला. तेव्हा कॉलमने घातलेली शिवी मी आधी कधी ऐकली नव्हती. ताडपत्रीवर घालून आम्ही त्याला हटपर्यंत ओढत आणलं.

मित्राने सॅटेलाइटवरून मेसेज पाठवला. उत्तर आलं: खिंड ढगात बुडालीय, हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, वादळ अंदाजापेक्षा बारा तास आधीच येतंय, आहात तिथेच थांबा.

म्हणजे आता गाईड मित्रा.

ती बाहेर गेली आणि हटभोवती पिवळे झेंडे रोवून आली. आत येऊन बूट काढायच्या आधीच म्हणाली, "झेंड्यांच्या पलीकडे माझ्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही. बाबा, तूसुद्धा." सगळ्यांत फक्त माझंच नाव का घेतलं?

शनिवार, ६ सप्टेंबर

वारा. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. दोरखंड घुमतात आणि तो आवाज बंकच्या लाकडातून दातांत येतो. मधूनमधून वरच्या कड्यावरून बर्फ सुटतो. अकोल्याच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत जोडायचे, तसा आवाज, पण कुठून येतोय ते कळत नाही.

आनापान करायला बसलो. श्वासावर लक्ष ठेवायचं, एवढंच करायचं. श्वासच सापडेना.

"हट टिकेल ना?" मित्राला विचारलं. "हट खडकावर आहे, बाबा. चाळीस वर्षं उभी आहे." थोड्या वेळाने परत विचारलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा ती नुसती सूपमध्ये डाव फिरवत राहिली. मग रॉसने त्याच्या शब्दकोड्यांच्या पुस्तकातलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं.

रविवार, ७ सप्टेंबर

बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आला. सकाळी दोन तास पाऊस पडला, नंतर परत बर्फ. संडासला गेलो तेव्हा दोरी दिसत होती, संडास दिसत नव्हता.

कॉलमचा पाय सुजलाय. जिलने पोटरीभोवती पेनाने रेघा ओढल्यात आणि दर तासाला बघते. आज बोटं गार पडलीत. नख दाबून सोडलं की पांढरं पडतं, आणि गुलाबी व्हायला फार वेळ घेतं. जिल मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत हा हॉस्पिटलमध्ये हवा. त्यानंतर पायाची खात्री मी देणार नाही."

दुपारी बघितलं तर मित्रा त्याच्या पायाशी बसली होती. स्वतःचं जॅकेट उघडून त्याचं पाऊल तिने पोटाशी धरलं होतं, ऊब द्यायला.

"आता फिट्टंफाट, काय?" कॉलम म्हणाला.

"जवळपासही नाही," ती म्हणाली आणि रडली. मग दोघंही हसले. त्यांच्या कंपनीतला काहीतरी जुना विनोद असेल. पण अशा वेळी गाईडने गिऱ्हाइकांसमोर रडावं का? रॉस आणि जिलला काय वाटलं असेल?

आजचा मेसेज: उद्या दुपारी वारा पडला तर प्रयत्न करू.

'तर.'

सोमवार, ८ सप्टेंबर, ट्वायझल, मोटेल

क्रमाने लिहितो.

सकाळी सातला दार उघडलं आणि डोळे दिपले. आभाळ निळंशार. खाली वारा नाही. सगळं असं चकाकत होतं की वादळ आपल्याला स्वप्नातच आलं असं वाटावं. फक्त वर, खिंडीच्या धारेवर, बर्फाचा धूर उडत होता.

कॉलमची बोटं राखाडी झाली होती. आता तो विनोद करत नव्हता.

मी मित्राला म्हणालो, "आपण निघू या. तीन तासांचं तर काम. रॉस आणि मी खाली जाऊन मदत आणतो."

"नाही."

"आभाळ बघ."

"आभाळाचा प्रश्न नाही, बाबा. त्या उतारावर आता मीटरभर नवा बर्फ बसलाय, आणि खाली तोच साखरेचा थर आहे. शुक्रवारी दाखवला तो. हेलिकॉप्टर बारानंतर येणार. आपण थांबायचं."

"आणि नाही आलं तर? वर बघ, बर्फ अजून उडतोय."

"तरी थांबायचं."

ती हातमोजे घालत होती आणि तिची बोटं इतकी थरथरत होती की अंगठा अंगठ्यात जाईना. मी ते बघितलं. मला वाटलं, पोरगी गोठलीय. हिला निर्णय घेता येत नाही, म्हणून काहीच न करणं हाच निर्णय म्हणून सांगतेय. आणि तिकडे माणसाचा पाय चाललाय.

मी मराठीत बोललो, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "घाबरली आहेस तू. घाबरून बसून राहायचं आणि त्याला नियम म्हणायचं. त्या माणसाचा पाय गेला तर तुझ्यामुळे जाईल. खरी भीती म्हणजे काय ते तुला माहीत तरी आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं. रागाने नाही. दुरून बघावं तसं. मग ती आत कॉलमकडे गेली.

मी स्की घातल्या. पळून जायचं नव्हतं. नुसतं कडेपर्यंत जाऊन उतार बघायचा, पाय टाकून बघायचा आणि परत येऊन सांगायचं की घट्ट आहे, चला. इंजिनिअर माणूस मी, साइट बघितल्याशिवाय मत देत नाही. असं मी स्वतःला सांगितलं. आता लिहिताना वाटतं, मला त्या हटमध्ये आणखी एक तासही बसवत नव्हतं. बस्स.

झेंडे ओलांडले. सुरुवातीला जमीन सपाट होती. मग हलकेच उताराला लागली. बर्फ घट्ट लागत होता, स्की बोटभरही रुतत नव्हती. मला बरं वाटलं. आणखी पुढे गेलो. तीस-चाळीस मीटर असेल.

मग खालून आवाज आला. मोठा नाही. धान्याच्या कोठारात पोत्यांची थप्पी खाली बसावी, तसा एक दबका 'हुंफ'. माझ्यासकट सगळी जमीन इंचभर खाली गेली. आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघाली आणि उतारावरून डावीकडे पळत गेली. पेन्सिलीने ओढावी तशी. कुठे संपली ते दिसलं नाही.

मी उभा राहिलो.

तिथे किती वेळ होतो ते सांगता येत नाही. मागे वळायला स्की उचलून फिरवावी लागते आणि ती उचलायची माझी हिंमत नव्हती. डोक्यात एकच होतं, श्वास घेतला तरी वजन बदलेल.

मागून मित्राचा आवाज आला. रॉस आणि जिलला सांगत होती, शांत, कागदावरून वाचताना होता त्याहून कितीतरी शांत. "उतार सुटला तर आम्ही शेवटी कुठे दिसतो तिथे नजर ठेवा. बर्फ हलायचा थांबेपर्यंत खाली उतरू नका. रॉस, तुझी डबी सिग्नल पकडायच्या मोडवर लाव. आत्ताच." मग मला म्हणाली, "बाबा, मी येतेय. वळू नको."

"येऊ नको," मी म्हणालो. बाहेर नुसतीच हवा आली.

ती माझ्याच स्कीच्या खुणांवरून आली, एकेक पाऊल सरकवत. तिचा श्वास जवळ येत गेला. ती रडत होती. ऐकू येत होतं. आणि रडता रडता बोलत होती.

"काठ्यांचे पट्टे मनगटातून काढ. छान. बॅगचा छातीवरचा पट्टा उघड. आता मला सांग, अवोन्डेलची मेन पाइपलाइन किती मिलिमीटरची?"

"काय?"

"मेन लाइन. किती?"

"साडेचारशे," मी म्हणालो.

"कशाची आहे?"

"जुनी कास्ट आयर्न. आता बदलतोय."

"कधीपर्यंत?"

"मार्च."

"उजवी स्की उचल, बाबा. मागे फिरवून ठेव. मार्चमध्ये कुठून सुरुवात?"

मी सांगत गेलो. कुठला रस्ता, किती व्हॉल्व, किती घरांचं पाणी बंद ठेवावं लागणार. उजवी स्की फिरली. मग डावी. तिने मला हात लावला नाही. आधी ती वळून निघाली आणि मला दहा मीटर मागे राहायला सांगितलं. दोघांचं वजन एका जागी नको. तिची पाठ बघत मी चाललो आणि मोठ्याने व्हॉल्व मोजत राहिलो.

झेंड्यांच्या आत आल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि ओकली.

हटच्या पायरीवर तिने मला सांगितलं. गेल्या सप्टेंबरात सायकल नव्हती. असाच एक उतार होता, असाच आवाज. ती अकरा मिनिटं बर्फाखाली होती. तोंडापुढे मुठीएवढी जागा. हात हलत नव्हते. पहिली तीनेक मिनिटं आठवतात, पुढचं नाही. कॉलमने खणून काढलं. खांदा त्याने बाहेर ओढताना निखळला.

मी काय बोललो होतो सकाळी? मला ते परत लिहायचं नाही. वर लिहिलेलं आहे.

"मग का आलीस माझ्यासाठी तिथे?" एवढंच विचारलं मी.

ती म्हणाली, "बाबा, काय प्रश्न आहे हा," आणि आत गेली.

हेलिकॉप्टर साडेबाराला आलं. आधी कॉलमला नेलं, मग आम्हाला. वरून उतार दिसला. कोसळला नव्हता. नुसती ती रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं सांगायचं तर कोसळायला हवा होता असं मला वाटलं. म्हणजे तिचं बरोबर होतं हे सगळ्यांना दिसलं असतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कॉलमचं ऑपरेशन झालं. पाय राहील. लंगडेल थोडा.

सुनीताला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर?"

"तीच म्हणाली, बाबांना सांगू नको. माझी भीती सांभाळता सांभाळता मला त्यांचीही सांभाळावी लागेल, आणि दोन्ही मला झेपणार नाहीत." मग म्हणाली, "खरं होतं की नाही?"



नाश्त्याला जिल भेटली. म्हणाली, "तू यावंस म्हणून तिने तीनदा तारखा बदलून घेतल्या. आम्हालाही दोनदा सुट्टी बदलावी लागली." मी म्हणालो, नाही, एक जागा रिकामी होती म्हणून तिने ऐनवेळी मला विचारलं. जिलने रॉसकडे बघितलं. त्यांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

रविवार, २१ सप्टेंबर, घरी

मित्रा चार दिवसांसाठी आलीय. बाहेर हेल्मेट घालून सायकलवर जाते आणि ती सायकलची थाप आठवून मला हसू येत नाही.

कंपनीची चौकशी चालू आहे. गिऱ्हाईक गाईडच्या ताब्यातून सुटून धोक्याच्या उतारावर गेलं, म्हणजे चूक गाईडची. तिने आपल्या रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय: 'मी त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं.' यावरून तिला गाईडची पुढची परीक्षा देऊ द्यायची की नाही ते ठरणार. माझं म्हणणंही मागवलंय, मला द्यायचं असेल तर.

परवापासून कागद पुढे घेऊन बसतोय. आधी दोन पानं झाली होती. त्यात वादळ होतं, कॉलमचा पाय होता, माझी मनःस्थिती होती. वाचून बघितलं तर सगळीकडे मीच, आणि सगळीकडे मला काहीतरी कारण. फाडलं. आज जेवणाआधी इंग्रजीत सरळ लिहिलं. गाईडने झेंडे लावले होते. गाईडने मला नाव घेऊन सांगितलं होतं. त्या सकाळी मी निघू म्हणालो, तिने कारणासहित नाही म्हटलं. मी तिचा अपमान केला. ती जखमी माणसाकडे बघत असताना मी न सांगता गेलो. उतार तडकला. तिने मला परत आणलं.

मित्राला दाखवलं. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभ्यानेच वाचत होती.

"तू अपमानाचं कशाला लिहिलंस?"

"केला म्हणून."

तिने परत वरपासून वाचलं. "एक राहिलंय. मी रडत होते."

"ते नको," मी म्हणालो. "ते लोक काय म्हणतील? गाईड रडत होती म्हणजे..."

"जिलने पाहिलंय. रॉसने पाहिलंय. तू ऐकलंस. लिही."

"त्याने तुझं नुकसान होईल, मित्रा."

"होऊ दे."

मी पेन घेतलं. माझ्या मुलीला कुणी घाबरट म्हणेल अशी ओळ मी माझ्या हाताने कशी लिहायची? ती तशीच उभी होती. घाई करत नव्हती. सुनीता ओट्याशी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

शेवटी लिहिलं: 'उतारावर माझ्याकडे येत असताना गाईड घाबरलेली होती आणि रडत होती, आणि तिने दिलेली एकही सूचना चुकली नाही.'

मित्राने वाचलं. "थँक्स, बाबा," म्हणाली आणि कागद घडी करून खिशात घातला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि तिच्या आईला म्हणाली, मला पण वाढ.